बाग बघताना तुम्ही नक्की काय बघता?

खिडकीतली (धागाकर्ती)

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. दहा मिनिटं चालून झालं की पाय म्हणतो बास, म्हणून उरलेला पाऊण तास घराजवळच्या बागेत बसून काढते. (बाग पुण्यातली. नाव सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको.) बसून बसून आता लोक कमी आणि बागच जास्त बघायला लागले आहे.

बागेला दोन फाटकं आहेत आणि मध्ये लॉन. एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकचा नागमोडी रस्ता आहे. कागदावर फार देखणा दिसला असणार. पण माणसं त्या रस्त्यानं जातच नाहीत, लॉनमधून सरळ तिरकी जातात. तिथे गवत मरून दीड फुटाची मातीची वाट मळली आहे. आधी पाटी लागली, "हिरवळीवरून चालू नये". मग साखळी आली, लोक ती ओलांडून जायला लागले. मग पिवळ्या डुरांटाचं कुंपण आलं. चार महिन्यांत त्याला एक भगदाड पडलं आणि वाट दोन हात डावीकडे सरकून पुन्हा सुरू!

दुसरं म्हणजे बाक. एकूण आठ आहेत. त्यातले तीन कायम भरलेले, दोन कायम रिकामे. रिकाम्यांपैकी एकाचं तोंड भिंतीकडे आहे. भिंतीकडे बघत कोण बसणार? उलट फुलझाडांच्या वाफ्याला जो दीड फुटी बांध घातलाय, तो बसण्यासाठी नाहीच मुळी, आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त माणसं त्यावरच असतात.

तर प्रश्न असा: बाग, चौक, फूटपाथ, नदीकाठ अशा ठिकाणी तुमची नजर कशावर जाते? आणि आपल्या शहरांतली एखादी जागा खरंच जमून आलेली वाटते का? का वाटते तेही लिहा, नुसतं "छान आहे" नको.

---

आगाऊ कार्टा

पहिला! आता वाचतो.

---

सोमवारपेठी

मी बागेत गेलो की आधी पाट्या वाचतो. आमच्याकडच्या एका बागेत "येथे बसू नये" ही पाटी बाकाच्या पाठीला लावली होती. रंग ओला होता म्हणे. तो वाळला त्याला वर्ष झालं, पाटी आहे तिथेच.

---

वांद्र्याची मावशी

जमून आलेली जागा? शिवाजी पार्कचा कट्टा. विषय संपला.

नका हसू, कारणं देते. मैदानाभोवती सव्वा किलोमीटरच्या आसपास ही ठेंगणी भिंत आहे. उंची अशी की टेकताही येतं आणि पाय हलवत बसताही येतं. वाटलं तर मैदानाकडे तोंड करा, सामना बघा. कंटाळलात की तिथल्या तिथे वळा, रस्त्यावरची वर्दळ बघा. बाक तुम्हाला एकच दिशा देतो, कट्टा दोन्ही देतो. शिवाय बाकावर तिघं बसली की चौथा अवघडतो. कट्ट्यावर सरकायला सांगावं लागत नाही. एकटा म्हातारा, कॉलेजची पोरं, भांडून आलेलं जोडपं, सगळे एकाच भिंतीवर, आणि प्रत्येकाला वाटतं आपण वेगळे बसलोय.

मैदान १९२५ सालचं. तेव्हा कुणी "सोशल स्पेस" वगैरे शब्द वापरले नसणार.

---

चौथा मजला

@खिडकीतली, मस्त धागा. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, त्यामुळे शिव्या खायला हजर.

तुम्ही सांगितलेला दीड फुटी बांध लोकप्रिय का, याचं उत्तर सोपं आहे. बसायची सोयीची उंची साधारण ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट. भिंत, पायरी, वाफ्याचा कठडा, काहीही त्या उंचीचं आणि फूटभर रुंद असलं की माणूस त्यावर बसतोच. म्हणून जिथे लोकांनी बसू नये असं वाटतं, तिथे मुद्दाम उतरता कठडा करतात किंवा वर लोखंडी सळ्या लावतात. अशा सळ्या दिसल्या की समजावं, इथे बसायची जागा सापडली होती आणि ती काढून घेतली गेली.

वाटेबद्दल मात्र थोडा वाद घालतो. मळलेली वाट म्हणजे लोकांनी दिलेला कौल, हे आमच्या वर्गातही शिकवतात. पण प्रत्येक आडवाट खरी मानली तर लॉन उरणारच नाही. आणि झाडाखालून अशी वाट पडली तर माती दाबली जाते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. दहा वर्षांनी झाड वाळतं आणि कारण कुणालाच कळत नाही.

---

सोमवारपेठी

पण दोन फाटकांच्या मध्ये सरळ वाट हवी हे समजायला पदवी लागते का हो? आमच्या गावाकडे याला वहिवाट म्हणतात. शेतातून वर्षानुवर्षं लोक जात असतील तर मालकालाही ती अडवता येत नाही, त्यासाठी कोर्टकचेऱ्या होतात.

---

चौथा मजला

पदवी लागत नाही, मान्य. पण आतली गोष्ट सांगतो. बऱ्याचदा नकाशा काढणाऱ्याला दुसरं फाटक असणार आहे हेच माहीत नसतं. ते नंतर, कुणाच्या तरी मागणीवरून फोडलं जातं.

आणि निविदेत जे मोजता येतं तेच येतं. पेव्हर ब्लॉकचा चौरस मीटरला दर असतो, कडेच्या कर्बचा (काँक्रीटच्या काठाचा) धावत्या मीटरला दर असतो. मोजमाप वहीत लिहिलं, बिल निघालं. सावली कुठल्या दरसूचीत शोधणार? झाड "नग" म्हणून लागतं, आणि तीन फुटी रोपही एक नगच.

---

हिरवा चाफा

वाचनखूण साठवली.

---

उन्हाळी सोलापूरकर

तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक नागमोडी वाटांवर भांडा. आमच्याकडे एका बागेत काळ्या ग्रॅनाइटचे बाक बसवलेत. गुळगुळीत, चकचकीत. मे महिन्यात ४३ डिग्रीला संध्याकाळी सहा वाजता त्यावर बसून बघा. भाकरी शेकून निघेल. बाकाच्या मागे शोभेचा बॉटल पाम, त्याची सावली माझ्या छत्रीपेक्षा लहान.

मी आता कुठेही गेलो की एकच गोष्ट बघतो: साडेचार-पाचला सावली कुठे पडते. झाड बाकाच्या पश्चिमेला हवं. पूर्वेला लावलं तर सकाळची सावली मिळते, तेव्हा कुणाला तिची एवढी गरज नसते. आणि मे महिन्यात तर आपल्याकडे एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते. त्या दिवसांत पसरट डेरेदार झाडाखेरीज कुणीही उपयोगाचं नाही. कडुनिंब लावा, करंज लावा, झालंच तर बकुळ. पाम कशाला?

जमलेली जागा विचारता तर आमचा सिद्धेश्वर तलाव. मध्ये मंदिर, सगळीकडे पाणी, उन्हाळ्यातही तिथे गेलं की डोळे निवतात.

---

आगाऊ कार्टा

"भाकरी शेकून निघेल" 😂 सोबत शेंगाचटणी आण म्हणजे झालं.

---

दोन तिखट एक गोड

मध्यात मंदिर आणि भोवती पाणी यावरून आठवलं. सारसबाग अशी खोलगट का, याचा विचार केलाय कधी? ते मुळात तळंच होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात खोदलेलं, आणि गणपती मधल्या बेटावर. म्हणून तो तळ्यातला गणपती. आता पाणी गेलं, हिरवळ आली, पण आकार तळ्याचाच राहिला. फाटकातून आत गेल्यावर हळूहळू खाली उतरता, रस्त्याचा आवाज मागे आणि वर राहतो. कुणी डिझायनरनं ठरवून केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं. इथे जुन्या पाण्यानं करून ठेवलंय.

---

ओकायामा रिटर्न

सारसबागेपासून पुढे सिंहगड रोडला या, पु. ल. देशपांडे उद्यान. कामानिमित्त दोन वर्षं ओकायामात होतो, त्यामुळे ही बाग जरा जास्तच बारकाईनं बघतो.

ही बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेली. कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली. जपानमधल्या तीन नामांकित बागांपैकी एक मानतात. जपानी बागेत सहसा नसतं ते तिथे आहे, भलीमोठी मोकळी हिरवळ. आणि आत चक्क भाताचं छोटं खाचर आणि चहाची लागवडही आहे. शेती हीच शोभा.

पण मला सगळ्यात आवडलेली कल्पना म्हणजे उसना देखावा. बागेबाहेरची गोष्ट बागेत ओढून घ्यायची. कोराकुएनमध्ये तळ्यापलीकडे झाडांच्या वर ओकायामाचा काळा किल्ला दिसतो. किल्ला नदीपलीकडे आहे, बागेत नाहीच, पण झाडं अशी राखलेली की आजूबाजूचं शहर दिसू नये आणि किल्ला दिसावा. आता आपल्या उद्यानात उभं राहून पर्वतीकडे बघा. तोच खेळ! पाणी, त्यापुढे हिरवळ, आणि मागे टेकडी, तिच्यावर देऊळ. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुलावर एवढा वेळ थांबलो की मागच्या काकूंनी विचारलं, "फोटो काढायचाय का? मग काढा आणि व्हा पुढे."

---

वांद्र्याची मावशी

@ओकायामा, सुंदर प्रतिसाद. उसना देखावा हा शब्द आवडला. फक्त एक शंका. उसना घेतलेला देखावा परत करावा लागला तर? म्हणजे मध्ये बावीस मजली इमारत आली तर?

---

ओकायामा रिटर्न

मावशी, तीच तर धास्ती. बागेच्या भिंतीआतलं सगळं बागेच्या हातात असतं, उसनं मात्र शेजाऱ्याच्या मर्जीवर.

---

सिंगापुरी चहा

इथे बिशान पार्क म्हणून आहे, मी त्याच्या जवळच राहते. पूर्वी त्याच्या कडेनं कालांग नदी सिमेंटच्या सरळ कालव्यातून वाहायची. तो कालवा तोडून नदीला पुन्हा वळणं दिली, काठाला दगड आणि झाडं लावून माती धरली, आणि २०१२ मध्ये बाग नव्यानं उघडली. एरवी प्रवाह इतका लहान की पोरं पाण्यात उतरतात. मोठा पाऊस आला की पाणी हिरवळीवर पसरतं, त्याआधी भोंगा वाजतो, लोक वर येतात. बागेनं थोडा वेळ नदी व्हायचं आणि मग परत बाग व्हायचं, हे मला फार आवडतं.

आईबाबा आले होते तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे यांनी पैसे खर्च करून आपल्या ओढ्यासारखं केलं." 😀

---

सोमवारपेठी

झालं! आता नदीकाठावर शंभर प्रतिसाद येणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

संपादक

नदीकाठ प्रकल्पांसाठी वेगळा धागा आहे, राजकारण तिकडे. इथे झाडं, बाक, वाटा चालू द्या.

---

पांढरी काठी

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे "बाय द वे"; इथे शब्दशः!), फूटपाथवर ती पिवळी खडबडीत फरशी असते, ती कशासाठी हे किती जणांना माहीत आहे? माझी दृष्टी जवळपास गेलेली आहे, म्हणून सांगतो. लांब उभ्या रेघा म्हणजे "चालत राहा". गोल ठिपके म्हणजे "थांब, पुढे रस्ता, पायरी किंवा वळण आहे". काठीला आणि बुटाच्या तळव्याला हे नीट कळतं.

आमच्या भागातल्या एका नव्या फूटपाथवर रेघा मला थेट विजेच्या डीपीपर्यंत घेऊन गेल्या. ठिपकेही नाहीत. लावणाऱ्याला वाटलं असणार की ही नक्षी आहे. दुसऱ्या एका ठिकाणी "डिझाइन" म्हणून ठिपके आणि रेघा आलटून पालटून बसवलेत. म्हणजे थांब, चाल, थांब, चाल. मी तिथे गरबा खेळू शकतो.

चांगलं ते सांगतो. जंगली महाराज रस्त्याचा जो फूटपाथ नव्यानं रुंद केला, त्यावर झाडं आणि बसायच्या जागा एका पट्ट्यात आणि चालायची जागा दुसऱ्या पट्ट्यात, हे तत्त्व मला पटतं. मध्येच काही आडवं येणार नाही याची खात्री असली की माणूस ताठ चालतो.

---

खिडकीतली

@पांढरी काठी, तुमचा प्रतिसाद वाचून आज मुद्दाम बघत गेले. घरापासून बागेपर्यंत चार ठिकाणी पिवळी फरशी. त्यातली दोन खांबाला जाऊन भिडतात. इतकी वर्षं त्यावरून चालतेय, एकदाही लक्षात आलं नव्हतं. लाज वाटली.

---

ताम्हण

झाडांवर कुणीच नीट बोललं नाही म्हणून मी.

आपल्या रस्त्यांवरचा पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा. हल्ली जिकडेतिकडे कोनोकार्पस दिसतो, दाट हिरवा, भराभर वाढणारा. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि आपलं राज्यफूल ताम्हण किती बागांत आहे सांगा? एप्रिल-मेमध्ये जांभळा बहर येतो, मध्यम उंची, तारांनाही त्रास कमी.

आणखी एक. झाडाच्या बुंध्याला खेटून सिमेंट ओततात ते थांबायला हवं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असलेलं काँक्रीट काढा. आपल्याकडे खोडाला सिमेंटची कॉलर चढवून वर गेरू-चुन्याचे पट्टे मारतात. झाड गुदमरतंय, पण नटलेलं आहे.

---

आगाऊ कार्टा

गुलमोहर परदेशी म्हणून नको? मग मिरची, बटाटा, टोमॅटोही परत पाठवू या. उद्या साबुदाणाही. संकष्टीला काय खाणार?

---

ताम्हण

हलकेच घेतलं. पण मिरची पहिल्या वळवात गाडीवर पडत नाही, गुलमोहराची फांदी पडते.

---

दोन तिखट एक गोड

मग गावातल्या पाराचं काय? वडाला, पिंपळाला शेकडो वर्षं पार बांधतोच आहोत आपण. तेही वाईट का?

---

चौथा मजला

चांगला प्रश्न. जुना पार म्हणजे बुंध्यापासून लांब दगडाची रचाई, आत माती, फटींतून पाणी मुरतं, मुळंही फटीतून डोकावतात. नवा पार म्हणजे बुंध्यालगत आरसीसी आणि वर घट्ट बसवलेली टाइल. नाव तेच राहिलं, आतली माती गेली. पार चांगलाच. गावातला तो पहिला कट्टा म्हणा ना. फक्त आत पाणी जाऊ द्या.

---

माळ्याचा मुलगा

इतके दिवस नुसता वाचत होतो. वडील सार्वजनिक बागेत माळी होते, तीस वर्षं. मी स्वतः आता ठेक्यावर बागांची निगा राखतो.

लॉनबद्दल सांगतो. उन्हाळ्यात लॉनला एका चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर पाणी धरा. एक एकराचं लॉन म्हणजे वीस हजार लिटर. दहा हजारी टँकर दोन, रोज. त्याच जागी डेरेदार झाडं आणि खाली पालापाचोळा राहू दिला तर दोन-तीन वर्षांनी पाणी जवळपास थांबवता येतं. पण पालापाचोळा दिसला की तक्रार येते, "बाग झाडत नाहीत". आम्ही झाडतो, जाळतो नाहीतर गाडीत भरतो आणि मग खत विकत आणतो.

डुरांटाचं तेच. पावसाळ्यात पंधरा दिवसांत कात्री मारावी लागते. माणूस एक, कुंपण तीनशे मीटर. भगदाड पडलं तर तो मनातून खूशच असतो.

---

वांद्र्याची मावशी

@माळ्याचा मुलगा, लिहीत जा हो. यावरून मलबार हिलचं हँगिंग गार्डन आठवलं. १८८१ सालची बाग, पण खाली पाण्याच्या टाक्या! टाकीच्या छपरावर काही वड लावता येत नाही. म्हणून मग कात्रीनं घडवलेले हत्ती-जिराफ. लहानपणी वाटायचं गंमत म्हणून केलेत. आता वाटतं, कुणाला तरी रोज तो जिराफ कापावा लागतो.

---

हिरवा चाफा

एक मुद्दा राहिला, म्हणून बाईच्या नजरेतून लिहिते. बागेत शिरताना मी पहिल्यांदा बघते ती झुडपांची उंची. माणसाएवढं कुंपण दोन्ही बाजूंना आणि मधून वाट, हे फोटोत छान दिसतं. संध्याकाळी सातनंतर तिथून एकटी जात नाही. झुडूप कमरेखाली हवं आणि झाडाची फांदी डोक्याच्या वर, म्हणजे मधून नजर आरपार जाते. मावशींचा कट्टा म्हणूनच सुरक्षित वाटतो, तिथे लपायला काही नाहीच.

आणि दुसरं, स्वच्छतागृह. ते कायम बागेच्या शेवटच्या कोपऱ्यात, दाट झाडीमागे का?

---

चौथा मजला

"दिसायला बरं नाही" म्हणून. मीही काढलेत असे नकाशे. कबूल करतो.

---

जर्सी सिटीचा जोशी

उशिरा आलो. न्यूयॉर्कला ब्रायंट पार्क आहे, एके काळी तिथे दिवसाही जायला लोक घाबरायचे. बंद ठेवून कामं केली आणि १९९२ मध्ये परत उघडलं. उंच कुंपणं काढली, नजर मोकळी केली (@हिरवा चाफा, तुमचाच मुद्दा) आणि हलवता येणाऱ्या शेकडो खुर्च्या ठेवल्या. साखळी नाही, काही नाही. बघायची गंमत म्हणजे माणूस खुर्ची चार इंच तरी सरकवतोच आणि मग बसतो. काही फरक पडत नाही, पण ती "आपली" होते.

---

सोमवारपेठी

आपल्याकडे खुर्च्या ठेवा, संध्याकाळपर्यंत लग्नाच्या मांडवात पोचतील.

---

जर्सी सिटीचा जोशी

काका, माझा अंदाजही तोच होता. पण सारसबागेत लोक घरून चटई आणतात ना? तीही हलवता येणारी खुर्चीच की.

---

खिडकीतली

सगळ्यांना धन्यवाद. धागा इतका चालेल वाटलं नव्हतं. दोन बातम्या.

एक, वाटेची. @माळ्याचा मुलगा यांचं वाचून आमच्या बागेतल्या माळीकाकांना थेट विचारलं की कुंपणाला भगदाड कुणी पाडलं. इकडेतिकडे बघून म्हणाले, "ताई, मीच कापलं. नळ त्या बाजूला, फुलझाडं या बाजूला. पाईप नागमोडी कसा नेऊ?" आणि लोकांसाठी? "मी कापलं आणि लोक यायला लागले. आता बंद केलं तर मलाच वळसा."

म्हणजे मी चार महिने त्या वाटेला जनतेचा कौल समजत होते, आणि ती निदान दुसऱ्या वेळी तरी पाईपची वाट होती.

दुसरी, भिंतीकडे तोंड असलेल्या बाकाची. तो रिकामा नसतो! मी संध्याकाळी जायचे म्हणून दिसला नाही. परवा सकाळी अकराला गेले, बाग बंद व्हायच्या वेळेला, तर तिथे एक मुलगी फोनवर रडत होती. पाठ सगळ्यांकडे, तोंड भिंतीकडे. मी लांबून वळले.

---

चौथा मजला

दोन्ही गोष्टी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार. परवानगी आहे ना?

---

खिडकीतली

आहे. गुडघ्याचं मात्र सांगू नका.

---

आगाऊ कार्टा

इतकं बोललो तर आता एक कट्टा करूच, प्रत्यक्ष भेटू या. कट्ट्यावरचा कट्टा! शिवाजी पार्क की पुणे?

---

उन्हाळी सोलापूरकर

कुठेही करा, सावलीत करा. मी ग्रॅनाइटवर बसणार नाही.

---

वांद्र्याची मावशी

पुण्यात या रविवारी जमेल मला. सकाळी सातला येते इंद्रायणीनं… म्हणजे, सकाळी निघते, नऊला पोचते. 🙂

---

खिडकीतली

मग आमच्याच बागेत या. साडेनऊ ते अकरा, नंतर कुलूप लावतात. करंजाखालच्या बाकावर दहापर्यंत सावली असते, पण तिथे रोज एक आजोबा पेपर घेऊन बसतात. शनिवारी विचारून ठेवते. नाहीतर बांध आहेच.